एक्स्टेंशन बदलण्याआधी फाइलची सुरुवात बघा
एखाद्या फाइलच्या नावाला एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) नसेल, तर वेगवेगळी एक्स्टेंशनं लावून ती उघडते का बघा, असं काही जण सुचवतात. त्यापेक्षा तिची एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळा कचराच दिसेल, पण पहिली काही अक्षरं महत्त्वाची. रोमन लिपीत 'पीडीएफ' दिसलं तर प्रश्नच मिटला. 'पीके' दिसलं तर झिप, म्हणजे अनेक फाइलींचं दाबून केलेलं गाठोडं; ही झिपचे जनक फिल कात्झ यांची आद्याक्षरं. मात्र डॉक्सएक्स (वर्डच्या) आणि एक्सएलएसएक्स (एक्सेलच्या) फाइलीही आतून झिपच असतात. म्हणून सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रामने आत डोकावा: 'वर्ड' नावाचा फोल्डर असेल तर डॉक्सएक्स, 'एक्सएल' असेल तर एक्सएलएसएक्स. सुरुवातीलाच 'एमझेड' असेल तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे. अनोळखी मेलमधून आला असेल तर कृपया चालवू नका, सरळ डिलीट करा.