सांधेरोपण झाल्यावर दातांच्या प्रत्येक उपचाराआधी अँटिबायोटिक घ्यावं का? माझं मत: सरसकट नको

अनुया:
आईचे दोन्ही गुडघे बदललेत. परवा दात साफ करायला गेली, तर दंतवैद्यांनी सांगितलं, अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या (2 ग्रॅम) तासभर आधी घेऊन या. सर्जन म्हणाले, काही गरज नाही. मला सर्जनचं पटतं.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2015 मध्येच सांगितलंय की कृत्रिम सांधा आहे एवढ्याच कारणासाठी असं अँटिबायोटिक देऊ नये. त्याआधी 2010 मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात सांध्यात संसर्ग झालेले 339 आणि न झालेले 339 रुग्ण ताडून पाहिले होते. दातांच्या उपचारांनी धोका वाढल्याचं दिसलं नाही, आधी गोळ्या घेतल्याने कमी झाल्याचंही दिसलं नाही. असा संसर्ग बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंनी होतो, आणि त्यांचं मुख्य ठिकाण त्वचा आणि नाक. तोंडातले जंतू रक्तात जातात, हे खरं. पण ते ब्रश करताना आणि घास चावतानाही जातात, हिरड्या सुजलेल्या असतील तर अधिकच. मग रोज गोळ्या घ्यायच्या का? जोर हिरड्यांवर द्या.

वसंत_क:
अजिबात पटलं नाही. माझ्या मोठ्या भावाचा खुबा बदलला होता, उत्तम चालत होता. दाढ काढली आणि काही आठवड्यांत खुब्यात पू. तपासणीत तोंडातला स्ट्रेप्टोकॉकस निघाला. धातूवर जंतूंचा थर बसला की औषध आत पोचत नाही. सांधा काढला, जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (जागा धरून ठेवणारा तात्पुरता सांधा) घातला, शिरेतून औषधं चालली, मग दुसरी शस्त्रक्रिया. तो माणूस कॉट धरून उभा राहायला शिकत होता, ते मी पाहिलंय. चार गोळ्यांनी हे टळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर त्या का घेऊ नयेत?

अनुया:
वसंतकाका, वाचून फार वाईट वाटलं. एक विचारू? दाढ काढण्याआधी किती दिवस दुखत होती?

वसंत_क:
बरेच. मुळाशी पू होता. वेदनाशामक खाऊन दिवस ढकलत होता.

दाढदुखी_नको:
मी दंतवैद्य आहे, म्हणून मधे बोलतो. काका, मुळाशी साठलेला पू हाच मोठा धोका होता. तिथून जंतू दिवसरात्र रक्तात जात असणार, एका दिवसाच्या चार गोळ्यांनी ते थांबत नाही. शिवाय त्या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. क्वचित का होईना, जीवघेणी अॅलर्जी होते, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे चिवट जुलाब होतात, आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

पण अनुयाताई, 'सरसकट नको' म्हणजे 'कोणालाच नको' नव्हे. प्रतिकारशक्ती दबलेली आहे, मधुमेह आटोक्यात नाही किंवा आधी एकदा सांध्यात संसर्ग झालाय, अशांबद्दल मी सर्जनना फोन करून ठरवतो. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर नियमच निराळा, तिथे दात काढणं किंवा हिरड्यांखालची सफाई यांआधी अँटिबायोटिक द्यायचं असतं. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

मृण्मयी_स:
शस्त्रक्रियेआधी दातांचं प्रमाणपत्र मागतात, त्याचं काय? दुखणारा गुडघा घेऊन माणूस महिनोन्‌महिने एका किडलेल्या दातापायी खोळंबतो. आणि त्या तपासणीमुळे संसर्ग नक्की कमी होतात असा ठोस पुरावाही नाही.

दाढदुखी_नको:
पुरावा कच्चा आहे, मान्य. साध्या किडीसाठी मीही शस्त्रक्रिया थांबवायला सांगत नाही. पू, हलणारा दात, सुजलेली हिरडी दिसली तर मात्र आधी तेच उरकतो, आणि दात काढलेली जखम भरू देतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरवायच्या आधी आलात तर त्यात खोळंबा होत नाही. अडतं ते शेवटच्या आठवड्यात धावत येणाऱ्यांचं.

वसंत_क:
दाढेचं तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण दाढ काढायच्या दिवशी त्याला गोळ्या द्यायच्या का, हे सर्जनना विचारायचं काम कोणाचं होतं? भावाला तर कृत्रिम खुबा आहे का, एवढंही कोणी विचारलं नव्हतं.