ग्लासगो की डब्लिन? मुदत आधी बघा
ताई, लेकीला एमएससी फायनान्ससाठी ग्लासगो आणि डब्लिन, दोन्हीकडून ऑफर आहे आणि घरात सगळे रँकिंगच बघताहेत, असं तुम्ही म्हणालात. माझा कल डब्लिनकडे आहे. दोन्ही कोर्स वर्षाचेच, खरा फरक त्यानंतरच्या मुदतीत आहे. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे राहून नोकरी करू देणारा परवाना, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिन्यांचाच मिळणार. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर तसंच २ वर्षांपर्यंत राहता येतं. फायनान्समधली भरती कोर्स संपायच्या खूप आधी सुरू होते. बडोद्याहून गेलेली मुलं तिथे रुळेपर्यंत पहिली फेरी निघून जाते, तेव्हा हे सहा महिने फार मोलाचे ठरतात. शिवाय डब्लिनचं वित्तीय केंद्र १९८७ पासूनचं, गुंतवणूक फंडांचा हिशेब ठेवण्याचं प्रचंड काम तिथे चालतं. मात्र तिला इन्व्हेस्टमेंट बँकिंगच करायचं असेल, तर लंडन ज्या देशात आहे तिथेच राहिलेलं बरं, मग ग्लासगो.

कर्जाचं म्हणाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट जास्तीत जास्त ८ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. दांडिया बाजारातलं घर तारण ठेवायची घाई कृपा करून करू नका. आधी लेकीला नेमकं कोणतं काम करायचंय ते विचारा; तुमच्या बोलण्यात तेवढंच आलं नाही.