मदत हवी आहे : मॉन्टेरेचे ढग आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग

सॅनहोजेकर
आई-बाबांना सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानातून सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉन्टेरेला नेण्याचे मी वर्षापूर्वी कबूल केले होते. सलग दोन शनिवारी सकाळी इथे लख्ख ऊन आणि किनाऱ्यावर मात्र खाली उतरलेले ढग असल्यामुळे आरक्षण रद्द करावे लागले. त्यांना पुण्याला परतायला १८ दिवस उरले आहेत. माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचा परवाना आहे. एवढ्या अवधीत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगातून उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) होईल का, की स्पेशल व्हीएफआर (व्हीएफआर म्हणजे नजरेच्या आधारे उडण्याचे नियम, त्यातली खास परवानगी) मागून उतरता येईल? कृपया थेट उत्तर द्यावे.

धावपट्टी_३१
थेट उत्तरासाठी आधी माहिती हवी. क्रॉस-कंट्रीचे (दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणांचे) तास किती झाले, विमानात माणसे किती असतील आणि १७२ चे मॉडेल कोणते?

सॅनहोजेकर
क्रॉस-कंट्री ३१ तास. मॉडेल १७२एस. पत्नी धरून आम्ही चौघे, एकूण ६५५ पौंड. पण वजनाचा ढगांशी काय संबंध?

ढगातला
रेटिंग कराच. ते मिळाल्यावर माझे रद्द होणारे बेत निम्म्यावर आले. किनाऱ्याजवळ राहून केवळ व्हीएफआरवर विसंबणे म्हणजे छत्री घरी ठेवून पावसाळा काढणे होय.

धावपट्टी_३१
सल्ला चांगला आहे, पण या १८ दिवसांसाठी निरुपयोगी आहे. त्या रेटिंगला पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट उड्डाण लागते, शिवाय लेखी परीक्षा आणि चेकराइड (परीक्षकासमोरची उड्डाण-चाचणी) वेगळी. आणि समजा मिळाले, तरी ढगातून पहिलेच उतरणे आई-बाबांना मागे बसवून करावे काय?

ढगातला
मी ‘उद्याच करा’ असे म्हटलेले नाही.

आकाशवेडा_नाशिक
भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात. परदेशी परवाना बदलून घेताना डीजीसीएची (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) एअर रेग्युलेशन्सची, म्हणजे हवाई नियमांची, परीक्षा द्यावी लागते, तेव्हा आतापासूनच अभ्यासाला लागा.

सॅनहोजेकर
मला नोकरी बदलायची नाही. स्पेशल व्हीएफआरचे काय?

सालिनासकर
दिवसा एक मैल दृश्यता आणि ढगांपासून मुक्त, एवढ्यावर विमानतळाचा नियंत्रण-टॉवर परवानगी देऊ शकतो; परंतु ती विमानतळाभोवतीच्या, जमिनीपासून सुरू होणाऱ्या नियंत्रित हवाई क्षेत्रापुरतीच असते. त्याबाहेर नेहमीचे नियम लागू होतात, म्हणजे तिथवर पोहोचताना तुम्ही एकतर ढगांच्या वर अडकाल किंवा डोंगर आणि ढग यांच्यामधल्या फटीत शिराल. उन्हाळ्यात थंड समुद्रावर साचणारा हा थर बहुधा दुपारी विरतो आणि संध्याकाळी पुन्हा आत सरकतो. सकाळचा हट्ट सोडून दीड वाजता निघा आणि चार वाजता परत फिरा.

धावपट्टी_३१
आता वजनाचे. १७२एसची कमाल मर्यादा २,५५० पौंड आहे. तुमच्या विमानाचे रिकामे वजन किती?

सॅनहोजेकर
१,६९० पौंड. टाक्या नेहमी भरलेल्याच असतात.

धावपट्टी_३१
म्हणजे ८६० पौंड उरले. भरलेल्या टाक्यांतील वापरता येणारे ५३ गॅलन इंधन ३१८ पौंडांचे होते आणि माणसांसाठी ५४२ राहतात. तुम्ही ११३ पौंडांनी जास्त आहात, डबे आणि पिशव्या सोडून! उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, त्यामुळे इंधन कमी घेऊनही पुरेसा राखीव साठा राहील. मात्र हिशेब कागदावर मांडा.

ढगातला
रीड-हिलव्ह्यूवर १ जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त इंधन विकणे बंद झाले, तो वाद इथे काढावा का?

धावपट्टी_३१
नको. सॅनहोजेकर, एक राहिले : शेवटचे उड्डाण कधी केलेत?

सॅनहोजेकर
फेब्रुवारीत. पाऊस, मग कामाचा व्याप. परवाना वैध आहे, वैद्यकीय प्रमाणपत्रही आहे.

सालिनासकर
मग ढग विरले तरी तुम्हाला प्रवासी नेता येणार नाहीत! मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या विमानात तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात. ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती.

सॅनहोजेकर
दोन्ही शनिवारी ढगांमुळे वाचलो म्हणायचे. गुरुवारी प्रशिक्षकांची वेळ मिळाली आहे. पत्नी म्हणते की ती मोटारीने डबे घेऊन पुढे जाईल, त्यामुळे १४० पौंड कमी झाले. शनिवारी दुपारी दीडचे आरक्षण केले आहे. बाबांना अजून सांगितलेले नाही.