हॉलिडेला इतक्या लवकर वर आणायला नको होतं

ब्रिजवॉटरकर
बेसबॉलपटू जॅक्सन हॉलिडे म्हणजे २०२२ च्या ड्राफ्टमधली (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातली) पहिली निवड. २०२३ च्या एकाच मोसमात तो डेल्मार्वा, ॲबरडीन, बोवी आणि नॉरफोक अशा मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांच्या, चारही पायऱ्या चढला (सर्वांत वरची ट्रिपल-ए, तिच्याखाली डबल-ए). १० एप्रिल २०२४ ला, विसाव्या वर्षी, मेजर लीगच्या बॉल्टिमोर ओरिओल्सने त्याला बोस्टनच्या फेनवे पार्कवर उतरवलं. पहिल्या दहा सामन्यांत त्याने ३४ वेळा बॅट धरली. हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं) २, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) १८. एप्रिल संपायच्या आत पोरगा परत नॉरफोकला.

खालची, म्हणजे मायनरमधली, सरासरी (हिट्सचं प्रमाण) बघून 'हा तयार आहे' असं ठरवणं मला पटत नाही. ट्रिपल-एमध्ये बरेच पिचर (चेंडू टाकणारे) एक तर वर जाऊन परत आलेले असतात, नाही तर अजून कच्चे असतात. कच्च्यांच्या चुकांवर आकडे फुगतात. वर तशा चुका क्वचितच मिळतात. शिवाय तुम्ही कुठल्या चेंडूला फसता हे चार दिवसांत सगळ्या संघांना कळतं, मग तोच चेंडू रोज येतो.

आमच्या गावात सॉमरसेट पेट्रियट्स हा मेजर लीगमधल्या यांकीजचा डबल-ए संघ खेळतो. मुलाला घेऊन मी नेहमी जातो, शक्यतो होम प्लेटच्या मागे बसतो. एकदा एक डावखुरा पोरगा पहिल्याच खेपेला स्लायडर नावाच्या खाली बुडणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवून बाद झाला. तिसऱ्या खेपेला पिचर तोच, दोन स्ट्राइक झालेले, चेंडूही तोच. या वेळी त्याने बॅट दोन बोटं वर धरली होती. खांदा हलला, पण मनगटं थांबली. चेंडू मातीत आपटला आणि पोरगा चालत पहिल्या बेसवर गेला. कागदावर ती नुसती एक वॉक (चार वाईट चेंडू सोडले की फुकट मिळणारा बेस). मी असतो तर त्या वॉकवर त्याच्या नावापुढे खूण केली असती.

कॅमडेनचा_पंखा
साफ असहमत. तीन महिने खाली राहून हॉलिडे काय शिकला? ३१ जुलैला परत आला, त्याच दिवशी ग्रँडस्लॅम (चार धावांचा होमरन, म्हणजे मैदानाबाहेरचा फटका) मारला, आणि खाली पाठवल्याचा फायदा झाला म्हणून सगळे खूश. मोसम संपला तेव्हा सरासरी होती फक्त ०.१८९! पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, रोज खेळवला तेव्हा १७ होमरन आले. वरचे पिचर वरच भेटतात. काठावर हातपाय मारून कोणी पोहायला शिकत नाही, विहिरीत उतरावं लागतं.

१९५१ मधला विली मेज आठवा. वीस वर्षांचा पोरगा, पहिल्या २६ वेळांत एकच हिट (तो मात्र वॉरन स्पान या पिचरला मारलेला होमरन). रडकुंडीला येऊन तो 'मला खाली पाठवा' म्हणत होता. त्याच्या संघाचे, जायंट्सचे, मॅनेजर लिओ ड्युरोशर यांनी ऐकलं नाही. त्याच वर्षी मेज सर्वोत्तम नवोदित ठरला.

जुना_स्कोअरर
मेजचं नाव घेताना हेही सांगा की त्याआधी मिनियापोलिसच्या मायनर संघात तो ०.४७७ ने मारत होता.

आणि विहिरीत ढकललेल्यांपैकी बुडालेल्यांची नावं कोण घेणार? डेव्हिड क्लाइड. १९७३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, १८ वर्षांचा डावखुरा पिचर. टेक्सास रेंजर्सच्या मालकाला गर्दी हवी होती, म्हणून शाळेतून थेट मेजर लीगमध्ये. पहिल्या दिवशी आर्लिंग्टनचं स्टेडियम भरलं, पोरगा जिंकलाही. ठरलं होतं की दोन सामने झाले की मायनरमध्ये पाठवायचा. तिकिटं खपत होती, म्हणून नाही पाठवला. कारकीर्द १८ विजय, ३३ पराभव. हे आठवलं की मला अजून राग येतो.

नॅशनल्स_२२
आणि नॅशनल्सचा तेव्हाचा पोरगा हुआन सोटो? डबल-एमध्ये फक्त ८ सामने, ट्रिपल-ए पाहिलंच नाही. २०१८ मध्ये १९ व्या वर्षी ०.२९२ आणि २२ होमरन. कसल्या पायऱ्या घेऊन बसलात!

मधुरा_शिकागो
तुम्ही सगळे धरून चाललाय की क्लब खरंच तयारीच बघतो. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटने सरावाच्या सामन्यांत ९ होमरन मारले, तरी शिकागो कब्जने त्याला खाली, आयोवाच्या ट्रिपल-ए संघात, पाठवलं. कारण काय, तर क्षेत्ररक्षण सुधारायचंय. १७ एप्रिलला वर बोलावलं. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. ब्रायंटचे भरले १७१. एका दिवसाने क्लबला त्याचं आणखी एक वर्ष मिळालं. त्याने दाद मागितली, २०२० मध्ये हरला.

२०२२ च्या करारात थोडी सुधारणा झाली. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर पूर्ण वर्ष मिळतं. पिचर पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मेला आला तरी त्याला ते मिळालं. पण दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पोरांचं काय? त्यांना 'अजून तयार नाहीस' म्हणणाऱ्याच्या डोक्यात हिशेब आहे की बेसबॉल, हे त्यांना कधीच कळत नाही.

ब्रिजवॉटरकर
मधुराताई, ब्रायंटचं पूर्ण मान्य. तो अन्यायच होता. मी फक्त मैदानावर दिसतं त्याबद्दल बोलतोय.

सोटो तर माझाच साक्षीदार आहे. त्या पहिल्या मोसमात ११६ सामन्यांत ७९ वॉक! वाईट चेंडू सोडणं तो वर येण्याआधीच शिकला होता. माझा आग्रह पायऱ्यांचा नाही, त्या थांबणाऱ्या मनगटांचा आहे.

अडतो मी अँथनी व्होल्पीपाशी. जवळच्याच वॉचंगमध्ये वाढलेला, २०२२ मध्ये आमच्याच मैदानावर खेळलेला. ट्रिपल-एमध्ये जेमतेम २२ सामने, आणि २०२३ ला यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). २१ होमरन, २४ बेस चोरले, गोल्ड ग्लव्हही (सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस) मिळाला, पण सरासरी ०.२०९. म्हणजे ग्लव्ह तयार होता, बॅट नव्हती. मी असतो तर मे महिन्यात त्याला महिनाभर खाली पाठवला असता. मुलाला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, शॉर्टस्टॉपला अडवलेल्या त्या सगळ्या चेंडूंचं काय केलं असतं तुम्ही, बाबा?