मदत हवी आहे: ४के प्रोजेक्टर घेताना 'नेटिव्ह' असण्याला किती महत्त्व द्यावं?

मंडळी, घरातली एक खोली फक्त सिनेमासाठी ठेवायचं पक्कं झालंय, आता प्रोजेक्टर निवडायचा आहे. बरंच वाचून झालं, माहितीपत्रकं चाळून झाली, पण एका मुद्द्यावर अडून बसलोय. जाणकारांनी मदत करावी.

आधी खोलीचं सांगतो. लांबी ५.२ मीटर, रुंदी ३.४, छत २.८ मीटरवर. खिडकी एकच आहे आणि ती पूर्ण झाकता येते, त्यामुळे दुपारीही मिट्ट अंधार करता येईल. पडदा १०० इंची, १६:९ प्रमाणाचा, म्हणजे रुंदी साधारण २२१ सेंमी आणि उंची १२५. बसल्यावर डोळे पडद्यापासून ३.१ मीटरवर येतील. प्रोजेक्टर मागच्या भिंतीजवळ छताला टांगायचा विचार आहे, लेन्सपासून पडदा ४.६ मीटर. डोक्यावर पंख्याची घरघर नको, एवढंच त्यामागचं कारण.

बघणार फक्त सिनेमे. खेळाचे सामने नाहीत, गेम्स नाहीत. त्यातले निम्मे तरी जुने कृष्णधवल. अंधाऱ्या जिन्यात उभा माणूस, कंदिलाच्या उजेडात अर्धाच दिसणारा चेहरा, असल्या दृश्यांसाठी मला ही खोली हवी आहे. तिथे काळ्याच्या जागी राखाडी धुकं दिसलं तर सगळ्या खटाटोपाला अर्थ राहणार नाही.

आता प्रश्न. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीत ते २०.७ लाख असतात. काही यंत्रांच्या पॅनेलवर, म्हणजे आतल्या चित्र घडवणाऱ्या चिपवर, हे ८३ लाख पिक्सेल खरोखर असतात; तेच 'नेटिव्ह' ४के. बऱ्याच डीएलपी (चिमुकल्या आरशांनी चित्र घडवणाऱ्या) यंत्रांत मात्र ०.४७ इंची चिप असते, तिच्यावर आरसे फुल एचडीइतकेच, आणि एकाच फ्रेमच्या वेळात चित्र चार जागी किंचित सरकवून ८३ लाख ठिपके पडद्यावर उमटवले जातात. काही एलसीडी यंत्रंही अशीच सरकवासरकवी करतात. सरकवलेले ठिपके एकमेकांवर थोडे चढतात, त्यामुळे अगदी बारीक रेषा मऊ पडतात, हे समजलं.

पण मी हिशेब करून पाहिला. निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिटाएवढा (अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा दिसतो. ३.१ मीटरवर ते अंतर सुमारे ०.९ मिमी भरतं. माझ्या पडद्यावर फुल एचडीचा पिक्सेल १.१५ मिमीचा होईल, ४केचा ०.५८ मिमीचा. म्हणजे फुल एचडी कमी पडेल हे नक्की, पण खरं ४के आणि सरकवलेलं ४के यांतला फरक माझ्या खुर्चीवरून दिसेल का? दिसणार नसेल तर नेटिव्हपायी जास्तीचे पैसे का घालावेत? की ते पैसे काँट्रास्टकडे, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातल्या फरकाकडे, वळवावेत?

प्रतिसाद १

हिशेब बरोबर आहे. चित्रपटात, तेही त्या अंतरावरून, हा फरक शोधूनही सापडायचा नाही. संगणकावरची बारीक अक्षरं जवळ जाऊन वाचायची असतील तर गोष्ट वेगळी. फक्त '४के सपोर्ट' या शब्दांपासून सावध राहा. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र ४के सिग्नल घेतं. आत पॅनेल १२८० गुणिले ७२० चं असू शकतं. नेटिव्ह रिझोल्यूशन या नावाखाली काय लिहिलंय तेवढंच बघा.

पण तुमची निवड रिझोल्यूशनच्या आधी अंतरच करून टाकणार आहे. ४.६ भागिले २.२१ म्हणजे थ्रो रेशो (लेन्सपासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) २.०८. घरगुती डीएलपी यंत्रांपैकी बरीचशी १.५ च्या आसपासच थांबतात. तुमच्या पडद्यासाठी ती ३.३ मीटरवर टांगावी लागतील, म्हणजे बरोबर तुमच्या डोक्यावर. मोठ्या झूमची एलसीडी आणि एलकॉस (परावर्तक चिपवर द्रवस्फटिकाचा थर असलेली) यंत्रं साधारण १.४ ते २.८ पर्यंत जातात, त्यांना तुमची मागची भिंत चालेल.

प्रतिसाद २

काळ्या रंगाची एवढी ओढ आहे तर एलकॉसच बघा. सोनी तिला एसएक्सआरडी म्हणते, जेव्हीसी डी-आयएलए. आकड्यांत सांगतो. पडद्यावर पांढरा ५० निट (उजळपणाचं एकक) असेल आणि नेटिव्ह, म्हणजे युक्त्यांशिवायचा, काँट्रास्ट १०००:१, तर काळा ०.०५ निटवर अडकतो. अंधारात सरावलेल्या डोळ्याला ते राखाडीच दिसतं. २०,०००:१ असेल तर तोच काळा ०.००२५ निटवर उतरतो. कंदिलाच्या उजेडातला चेहरा याच जागेत जगतो. माहितीपत्रकातला लाखांतला 'डायनॅमिक' आकडा मात्र सोडून द्या. तो लेझर मंद करून किंवा आयरिस (लेन्समधली उजेड अडवणारी झडप) मिटून काढलेला असतो, एकाच फ्रेममधल्या उजेड-अंधाराशी त्याचा संबंध नाही.

एका चिपच्या डीएलपीत रंग एकामागून एक येतात, त्यामुळे काहींना काळ्यावरच्या पांढऱ्या कडांपाशी इंद्रधनुषी झिलई दिसते. कृष्णधवल सिनेमात ती जास्तच खुपते. सगळ्यांना दिसत नाही, पण घरात कुणाला दिसते का ते आधी तपासा.

ल्युमेनच्या, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाच्या आकड्याच्या, मागे धावू नका. सिनेमागृहात पडद्याचा प्रकाश ४८ निट ठरलेला आहे. तुमच्या २.७५ चौरस मीटर पडद्याला, गेन (पडदा प्रकाश किती परत फेकतो ते) १ धरून, त्यासाठी सव्वाचारशे ल्युमेनही लागत नाहीत. एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेलं चित्र) १०० निट धरले तरी ८७० च्या आत भागतं. छापलेला आकडा सगळ्यात भडक, बहुधा हिरवट मोडमधला असतो आणि रंग नीट लावल्यावर तो बराच खाली येतो, तरी १५०० ते २००० चं यंत्र तुम्हाला पुरून उरेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. थ्रो रेशोचं गणित डोक्यातच आलं नव्हतं, त्याने निम्मी यादी गळाली. दोन शंका राहिल्या. भिंती आणि छत सध्या पांढरे आहेत, त्याने कितीसा फरक पडेल? आणि १०० निटवर एचडीआरला काही अर्थ असतो का?

प्रतिसाद २

भिंतींनी फार फरक पडतो. पडद्याचा उजेड छतावर जातो आणि तिथून परत पडद्यावर येतो. उजळ दृश्यात यंत्राचा काँट्रास्ट कितीही असो, पांढऱ्या खोलीत हातात पडणारा काँट्रास्ट १००:१ च्याही खाली जाऊ शकतो. यंत्राच्या आधी रंग आणा. पडद्यालगतचं छत आणि बाजूच्या भिंतींचा पुढचा दीड-दोन मीटर भाग गडद करा, चमक नसलेल्या रंगाने. प्रोजेक्टरची वरची पायरी घेण्यापेक्षा मी आधी हे करेन.

एचडीआरचं म्हणाल तर चित्र बहुतेकदा १००० निटवर, कधी ४००० वर तयार केलेलं असतं. ते १०० निटमध्ये बसवायचं काम टोन मॅपिंगचं, म्हणजे उजळपणा आक्रसून घेण्याच्या प्रक्रियेचं. ते फ्रेमगणिक होत असेल तर एचडीआर सुंदर दिसतं. एकाच ठरलेल्या वक्राने होत असेल तर चित्र काळवंडतं, आणि साधं एसडीआर (एचडीआर नसलेलं नेहमीचं चित्र) त्याहून बरं वाटतं. दुकानात याच मुद्द्यावर डेमो मागा, अंधारं दृश्य स्वतःचं घेऊन जा.

प्रतिसाद १

टांगायची उंची ठरलीय का? पडद्याची वरची कड आणि लेन्स जमिनीपासून किती?

धागाकर्ता

कड २.१ मीटरवर, लेन्स २.५ वर.

प्रतिसाद १

मग पडद्याचा मध्य साधारण १.४७ वर आला आणि लेन्स त्याच्या १.०३ मीटर वर. १.२५ उंचीच्या चित्राला हे ८२ टक्के उभं लेन्स शिफ्ट (यंत्र न कलवता लेन्स सरकवून चित्र वर-खाली नेणं) झालं. काही यंत्रं ८० च्या आसपास थांबतात, काही ९५ च्या पुढे जातात. टांगणीचा दांडा १० सेंमी लांब घ्या, आकडा ७४ वर येईल आणि निवडीला मोकळीक राहील. उरलेली तूट कीस्टोनने (तिरक्या चित्राला चौकोनी करणारी सोय) मात्र भरून काढू नका. कीस्टोन चित्र पॅनेलवरच आक्रसून वाकवतं, म्हणजे ज्या ८३ लाख पिक्सेलसाठी हा धागा काढलात त्यातलेच काही जातात. आणि प्लेअर पडद्याजवळ ठेवणार असाल तर केबल छतावरून फिरून १० मीटरच्या घरात जाईल, तेवढ्या लांबीला ऑप्टिकल (काचतंतूतून सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते, म्हणजे एक टोक प्लेअरचं आणि दुसरं प्रोजेक्टरचं; छतात बुजवण्याआधी ४के एचडीआर सिग्नल लावून तपासा.