मदत हवी आहे: इटालियनमध्ये दोन क्रियापदांच्या मध्ये 'आ' घालायचं की 'दी'? मराठीवरून ओळखता येतं का?

तोरिनोची_सून

नमस्कार मंडळी, मी तोरिनोत राहते, संध्याकाळी इथल्या सरकारी प्रौढ शाळेत इटालियनच्या वर्गाला जाते आणि पुढे पेरुजाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची चेली २ ही इटालियनची परीक्षा द्यायचीय, म्हणजे बी-वन पातळी. भूतकाळ, सर्वनामं वगैरे बऱ्यापैकी बसलंय, पण दोन क्रियापदं लागोपाठ आली की मध्ये काय घालायचं ते काही केल्या डोक्यात राहत नाही. 'वोलियो कापीरे' (समजून घ्यायचंय) मध्ये काहीच नाही, 'कोमिंचो आ कापीरे' (समजायला लागलंय) मध्ये 'आ', आणि 'चेर्को दी कापीरे' (समजून घ्यायचा प्रयत्न करतेय) मध्ये 'दी'. बाईंना कारण विचारलं तर म्हणाल्या पाठ करा, आणि एक झेरॉक्स हातात दिली. ती पण एबीसीडीच्या क्रमाने, म्हणजे 'आबितुआर्सी आ' (सवय होणे) आणि लगेच खाली 'आच्चेत्तारे दी' (कबूल करणे). असं वाचून कोणाच्या लक्षात राहणार?

आता माझी शंका. ती यादी मी मराठीत लिहून काढायला घेतली तर मला एक पॅटर्न दिसतोय. मराठीत जिथे 'करायला' येतं तिथे बहुतेक 'आ' आहे: पोहायला शिकले (इंपारारे आ), दूध आणायला गेले (आन्दारे आ), उचलायला मदत केली (आयुतारे आ), दार उघडायला जमलं (रिउशीरे आ). आणि जिथे 'करायचं, करायचा, करायची' येतं तिथे 'दी': जायचं ठरवलं (देचीदेरे दी), फोन करायचा विसरले (दिमेन्तिकारे दी), बोलायचं टाळलं (एवितारे दी), सिगारेट ओढायची सोडली (झ्मेत्तेरे दी). शिवाय मराठीत 'करू शकते'ला काहीच नाही, तिकडे पोतेरेला (शकणे) पण काहीच नाही. हे खरंच चालतं का की मी उगाच आपल्या सोयीचे शब्द निवडतेय? परीक्षेत यावर विसंबून राहिले तर कुठे तोंडावर आपटेन ते कोणीतरी सांगा प्लीज.

मिलानची_मावशी

अगं भारी आहे हे, इतकी वर्षं इथे राहून माझ्या नाही लक्षात आलं. 'दी'ची बाजू तर आणखी पक्की आहे. आवेरे (असणे) लावून जे प्रयोग होतात ते बघ, करायची गरज (आवेरे बिझोन्यो दी), करायची इच्छा (आवेरे वोलिया दी), करायची भीती (आवेरे पाउरा दी). मराठीत चा-ची-चे आणि तिकडे बहुतेक दी.

पण 'आ'च्या बाजूला मोठं भोक आहे. 'मार्कोला थांबायला सांगितलं', तुझ्या हिशोबाने 'आ' यायला हवा, येतो 'दी'. दीरे दी. 'जायला परवानगी दिली', पेर्मेत्तेरे दी. 'यायची विनंती केली', क्येदेरे दी, हे एक तुझ्या नियमात बसतं. आणि 'गायला आवडतं'ला तर काहीच लागत नाही, मी प्याचे कान्तारे.

यावर माझी युक्ती अशी की ज्या माणसाला करायला लावतोय त्याच्याकडे बघायचं. त्याच्या जागी 'लो' किंवा 'ला' (त्याला-तिला, थेट कर्म) येत असेल तर कामाच्या आधी 'आ', आणि 'ल्यी' किंवा 'ले' (पण त्याला-तिलाच, 'आ मार्को'च्या जागी येणारं) येत असेल तर 'दी'. लो आयुतो आ (मदत करते), लो कोन्विंको आ (पटवते), लो कोस्त्रिंगो आ (भाग पाडते). याउलट ल्यी दिको दी, ल्यी पेर्मेत्तो दी, ल्यी क्येदो दी. म्हणजे माणसाने 'आ' घेऊन टाकला की कामाला 'दी' उरतो: दिको आ मार्को दी आस्पेत्तारे.

तोरिनोची_सून

मावशी हे तर बाईंनी पण नाही सांगितलं! पण मराठीत तर सगळीकडे 'मार्कोला'च आहे, मार्कोला मदत केली, मार्कोला सांगितलं, मग लो की ल्यी ते परत पाठच करायचं ना? आणि इनसेन्यारे (शिकवणे)? माझ्या झेरॉक्सवर 'आ' लिहिलंय.

मिलानची_मावशी

हो, लो-ल्यी पाठच, पण ते असंही करावंच लागतं, मग एका दगडात दोन पक्षी. इनसेन्यारे अपवाद आहे, तिथे दोन्हीकडे 'आ', इनसेन्यो आ मार्को आ ग्विदारे (मार्कोला गाडी चालवायला शिकवते). आणि दुसरा अपवाद प्रेगारे (विनवणे), माणूस 'लो'वाला असून 'दी'. तो विसरणार नाहीस, कारण दुकानांच्या, ऑफिसांच्या दारावर पाटी असते, 'सी प्रेगा दी क्यूदेरे ला पोर्ता', कृपया दार लावा.

बारामती_ते_पोन्तेदेरा

ताई, नियम ठीक आहे पण काही क्रियापदं दोन्ही-तिन्ही घेतात आणि अर्थच पालटतो, गोंधळ खरा तिथे होतो. 'ओ फिनीतो दी मान्जारे' म्हणजे माझं जेवून झालं. 'ओ फिनीतो पेर मान्जारे तुत्तो' म्हणजे नको नको म्हणत शेवटी सगळं खाऊनच टाकलं. 'पेन्सो दी पार्तीरे' म्हणजे निघायचा विचार आहे, आणि 'ची पेन्सो इयो' म्हणजे ते मी बघतो, तुम्ही काळजी सोडा (कारखान्यात हे दिवसभर ऐकतो आणि काम शेवटी आपल्याच गळ्यात पडतं). देचीदेरेला 'दी', पण देचीदेर्सी झालं की 'आ', त्यात एकदाचं मनावर घेतलं असा भाव असतो.

आणि तुमच्या 'करायला'मध्ये अजून एक फट आहे, हेतू सांगताना 'पेर' येतो. 'इटलीत काम करायला आले', सोनो वेनूता इन इतालिया पेर लाव्होरारे. तेच 'तुला भेटायला आले' असेल तर सोनो वेनूता आ त्रोवार्ती. आन्दारे-वेनीरेला (जाणे-येणे) चिकटून लगेच दुसरं क्रियापद आलं तर 'आ', आणि 'त्यासाठी' असं ठासून सांगायचं असेल तर 'पेर'. मराठीत दोन्हीकडे '-यला'च, त्यामुळे कान मदत करत नाही. हां, आणि 'स्तावो पेर उशीरे', म्हणजे निघणारच होते, हा पेर वेगळा, त्याचा हेतूशी संबंध नाही.

बोलोन्याचा_बंड्या

मी थोडा विरोधात. बोलताना मनात मराठी वाक्य, मग करायला की करायचं, मग लो की ल्यी, तोपर्यंत समोरचा माणूस बस पकडून गेलेला असतो. मी क्रियापद एकटं लिहीतच नाही, वहीत 'रिउशीरे' नाही तर 'नोन रिएस्को आ दोर्मीरे' (झोपायला जमत नाही) असं अख्खं लिहितो. 'आ'वाली तर 'ची'मुळे ('आ' आणि पुढचं काम यांच्या जागी येणारं सर्वनाम) पण बसतात, ची प्रोवो (करून बघतो), नोन ची रिएस्को (जमत नाही), हे लोक दिवसभर बोलतात, अशी ची ऐकली की बऱ्याचदा 'आ'वालं असतं. 'दी'च्या जागी येणाऱ्या 'ने'चं तसं नाही, ने ओ बिझोन्यो, ने ओ वोलिया ठीक, पण चेर्कारे दी आहे म्हणून 'ने चेर्को' म्हणायला जाऊ नकोस. आणि दोवेरे (करावं लागणे), पोतेरे, वोलेरे (हवं असणे), सापेरे (करता येणे), प्रेफेरीरे (पसंत करणे), ओसारे (धजणे) यांना काही लावायचं नाही, हे आधी पक्कं कर, कारण तिथे उगाच 'दी' घातला की लगेच कानाला खटकतो.

तोरिनोची_सून

सगळ्यांना खूप थँक्स, झेरॉक्स आता एबीसीडीत न ठेवता लो-ल्यीप्रमाणे परत लिहिते. एकच राहिलं, प्रोवारे आणि चेर्कारे दोन्ही प्रयत्नच ना? मग एकाला आ आणि एकाला दी का?

मिलानची_मावशी

का ते विचारू नकोस गं. प्रोवारे म्हणजे जरा करून बघणं, चेर्कारे म्हणजे प्रयत्न करणं, 'करायचा प्रयत्न' म्हणून दी, एवढं लावून घे. तेन्तारेला पण दीच. बोलताना यातलं कुठलंही वापरलंस तरी चालतं, फक्त ज्याचं त्याला दे. आणि पुढचं क्रियापद 'आ'नेच सुरू होत असेल तर 'आद' कर, प्रोवो आद आप्रीरे.