राखीव क्वार्टरबॅक आला की दंडच दंड, असं का?

अमळनेरकर: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा नि चेंडू फेकणारा गडी, जखमी झाला, नवखा उतरला की दंडाचे पिवळे रुमाल पडायला लागतात. रेफरी नवख्यावर डूख धरतात का?

भुसावळ_जंक्शन: डूख कसली भो, घड्याळ! चाल संपली की 40 सेकंद सुरू. 15 उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद. मुरलेला गडी तोवर बचावाची मांडणी वाचतोय, नवखा अजून मनगटपट्टीवर चालीचा आकडा शोधतोय. शून्य झालं की 5 यार्ड मागे. त्यात आठवडाभराचा बहुतेक सराव पहिल्या क्वार्टरबॅकसोबत झालेला. नव्याच्या हाकेचा ठेका ओळखीचा नसतो, पुढच्या रांगेतला लाइनमन आधीच हलतो, आणखी 5.

धुळे_पांझरा: खरी महागडी चूक वेगळी. दडपणाखाली, दोन टॅकलांच्या (रांगेच्या दोन टोकांच्या लाइनमनांच्या) मधे उभं राहून, जवळ झेलणारा नसताना चेंडू फेकून दिला तर 10 यार्ड आणि डाउनही, म्हणजे चालीची एक संधीही, गेला. स्वतःच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्यात, केलं तर सेफ्टी, समोरच्याला 2 गुण. आधी टॅकलच्या बाहेर पळा. मग चेंडू चाल सुरू झाली त्या स्क्रिमेज रेषेपर्यंत पोचला तरी पुरे, झेलणारा नसला तरी.

अमळनेरकर: म्हणजे मंगळवारी पहाटे मी रेफरीला उगाच शिव्या घालतोय.

भुसावळ_जंक्शन: रफिंगच्या, म्हणजे क्वार्टरबॅकला नियमाबाहेर धडकल्याच्या, 15 यार्डांवर घाल की. तिथे त्यांची नजर खरंच डळमळते.